काढलेलं वाकणं

आमचे हे उंच आणि मी बुटकी. त्यात यांचा डावा कान लहानपणी तापात गेला, उजवा तेवढा राहिला. त्यामुळे लग्न झाल्यापासून मी कायम यांच्या उजव्या हाताला आणि हे कायम उजवीकडे वाकलेले, असा आमचा संसार. मूलबाळ नाही, म्हणून माझं सगळं बोलणं यांच्या एकट्याच्याच वाट्याला आलं. मी पुष्कळ बोलते. ते मला माहीत आहे, कुणी सांगायला नको.

आमचं चष्म्याचं दुकान आहे. पुढे काउंटर, फ्रेमांची कपाटं आणि आरसा. मागे लाकडी पार्टिशनच्या पलीकडे काचा घासायचं यंत्र. पुढची बाजू माझी, मागची यांची. कोणत्या नाकाला कोणती फ्रेम शोभते ते मी सांगायचं, आणि काच त्या फ्रेममध्ये बसेल अशी घासून यांनी द्यायची. पार्टिशनच्या दारात जाऊन मी नंबर सांगायला लागले की हे यंत्रावरून उठायचे, खांद्यापासून वाकायचे आणि उजवा कान माझ्या तोंडाशी आणायचे. नंबर सांगून झाला की मी लगे हात बाकीचंही सांगून घ्यायची. आत्ता आलेली बाई किती चेंगट होती, दूध पुन्हा कसं नासलं, समोरच्या शिंप्याने बायकोला काय उत्तर दिलं. हे सगळं ऐकून घ्यायचे, "बरं गं" म्हणायचे आणि पुन्हा यंत्राशी बसायचे.

असं वाकून वाकून यांची मान धरली. डॉक्टरांनी पट्टा दिला, उशी बदलायला लावली, आणि वर म्हणाले, एका बाजूला वाकणं सोडा. मी म्हटलं, मग मी काय शिडी घेऊन हिंडू? डॉक्टर हसले, हेही हसले. मान काही हसली नाही, ती दुखतच राहिली.

शाई ही यांची धाकटी बहीण. खरं नाव वेगळं आहे, पण लहानपणापासून बोटं काळी ती काळीच, म्हणून घरात सगळे तिला शाई म्हणतात. ती चित्रकार आहे, तीसुद्धा मॉडर्न. जमिनीवर भलामोठा कागद पसरायचा, काळ्या शाईत कुंचला बुडवायचा आणि माणूस काढायचा. माणसाला तोंड नाही, डोळे नाहीत, कपडे आहेत की नाहीत तेही धड कळत नाही. मला विचाराल तर उंदीर दौतीत पडून कागदावरून पळाला, याला मी चित्र म्हणणार नाही. पण लोक येतात, तिच्या प्रदर्शनात उभे राहतात आणि गप्प होतात. गप्प होतात हे मात्र मी स्वतः पाहिलं आहे.

ती आमच्या दुकानात येऊन बसायला लागली. गिऱ्हाइकांच्या बाकावर, मांडीवर हात ठेवून, नुसती बघत. हे वाकले की तिची नजर यांच्या खांद्यावर जायची आणि हे सरळ झाले की ती खिडकीबाहेर बघायची. मला राग आला. मी म्हटलं, "काय गं, भावाला कधी पाहिला नाहीस का?"

"दादाला काढायचंय," ती म्हणाली.

"काढ की मग. पण जरा माणसासारखा काढ. नाक तरी दे."

"मी माणूस काढतच नाही, वहिनी. मी त्याचं वाकणं काढते."

आतून हे म्हणाले, "काढ बाई काढ, एकदाचं काढून टाक. झोप नाही मला." आम्ही तिघंही हसलो. आपल्या भाषेत दात काढतात, काटा काढतात, नोकरीवरून माणूस काढतात आणि चित्रही काढतात. जन्मभर हे शब्द तोंडात घोळवले, पण मी कधी त्यांचा विचार केला नव्हता.

मग एका दुपारी दुकान बंद ठेवून आम्ही तिच्या खोलीवर गेलो. वरच्या मजल्यावरची लांबलचक खोली, उघड्या खिडक्या, पडदे नाहीत. भिंतींना तिची काळी माणसं टाचलेली. शाईने यांना कागदासमोर उभं केलं आणि मला यांच्या उजव्या हाताला. "वहिनी, तू बोलत राहा," म्हणाली. एवढंच सांगायची खोटी! मी आमच्या नळाच्या प्लंबरची कहाणी सुरू केली, हे सवयीने वाकले, आणि शाई खाली बसली. कागदाकडे तिने एकदाही पाहिलं नाही. डोळे यांच्यावर आणि हात कागदावर. कुंचला घासल्याचा आवाज येत होता. माझा प्लंबर नळापर्यंत पोचायच्या आत तिने हात उचलला.

मी वाकून पाहिलं. हेच होते. नाक नाही, डोळे नाहीत, तरी हेच. पायापासून मानेपर्यंत एक जाड रेघ वर जात होती, खांद्याशी वळून खाली येत होती, आणि जिथे कान तिथे शाईचा मोठा थेंब. ते सगळं अंग कागदाच्या रिकाम्या बाजूकडे झुकलेलं होतं. त्या रिकाम्या जागेत मी उभी होते. तिथे शाईने एक ठिपकासुद्धा टाकला नव्हता.

"अरे!" हे म्हणाले. यांनी मान इकडे फिरवली, तिकडे फिरवली. "मोकळी झाली. खरंच मोकळी झाली." हे ताठ उभे होते. इतके उंच आहेत हे मी विसरूनच गेले होते.

पहिले काही दिवस मी सगळ्यांना कौतुक सांगत सुटले. हे रात्रभर झोपायला लागले, पट्टा माळ्यावर गेला. गिऱ्हाइकं म्हणायची, काका एकदम तरुण झाले की! मी म्हणायची, नणंदेने जादू केली. मी पार्टिशनच्या दारात सवयीने हळू आवाजात नंबर सांगायला गेले की हे यंत्रावर बसूनच म्हणायचे, "जरा मोठ्याने सांग." मी मोठ्याने सांगायची. आता नंबर मोठ्याने सांगता येतो, पण शिंप्याच्या बायकोची भानगड मोठ्याने कशी सांगणार? ती माझ्या पोटातच राहायला लागली.

रस्त्यात मी यांच्या उजव्या हाताला चालायची, पण मी बोलत असताना हे सरळ समोर बघत चालायचे आणि पाचोळ्यावरून जावं तसे माझ्या बोलण्यावरून पुढे निघून जायचे. घरी एकट्यापुरता चहा टाकायचे. मी आले की दचकून म्हणायचे, "अरेच्चा, अजून एक कप हवा होता का?" भांडायला गेले असते तर भांडताही आलं असतं. पण यांना राग नव्हता, कंटाळा नव्हता, काहीच नव्हतं. माणूस होता तसाच होता, फक्त माझ्या बाजूला उतार नव्हता.

मग एका सकाळी मी नंबर सांगायला गेले, तर हे म्हणाले, "सांगा."

मला वाटलं थट्टा करतात. लग्न झाल्यापासून मी यांना अहो म्हणते आणि हे मला अगं. मी म्हटलं, "वा, आज एवढा मान!" हे नुसते हसले. पण दुपारी पुन्हा "ठेवा तिथे," आणि संध्याकाळी "येता का?" घरी स्वयंपाकघराच्या दारात मी आडवी आले, तर हे बाजूला होऊन अदबीने म्हणाले, "अहो, जरा सरकता का? मला आत जायचं होतं."

शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. नवऱ्याच्या तोंडून अहो ऐकलं आणि मला माझ्याच घराची भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी यांना दुकानात सोडून मी तडक शाईकडे गेले. तिच्या घरमालकीणबाईंचं खालचं दार सताड उघडं होतं. या बाई पूर्वी कमरेला किल्ल्यांचा जुडगा बांधून, त्यावर हात दाबूनच हिंडायच्या. आत कोणी नव्हतं. वारा आत जाऊन बाहेर येत होता आणि ओट्यावर दूध उतू गेलेलं होतं.

वर शाई कुंचले धूत होती. मी तिला फैलावर घेतलं. "काय केलंस माझ्या नवऱ्याला?"

"मी कुठे काय केलं? वाकणं काढलं. दादानेच सांगितलं होतं."

"चित्र काढायला सांगितलं होतं गं, बये!"

"तेच काढलं." ती शांत होती. तिचा तो शांतपणा मला आजवर कलावंताचा वाटायचा. आता मी तिच्याकडे नीट पाहिलं. ती ताठ उभी होती. खांदे सरळ, मान सरळ, हात दोन्ही बाजूंना सारखे. कुणाकडेच कललेली नव्हती. तिच्या मागे भिंतीवर एक जुना कागद होता. त्यावर एक बाई दाराच्या दिशेने अर्धी उठलेली, एक हात जमिनीवर, मान पुढे काढलेली.

"ही कोण?" मी विचारलं, पण विचारतानाच मला कळलं.

"मी. तो निघून गेला ना, तेव्हाची. जिना वाजला की मी अशी उठायची. खाणंपिणं सुटलं होतं माझं. मग आरसा समोर ठेवला आणि काढलं." तिने कुंचला झटकला. "मागे तो परत आला होता, वहिनी. दारात उभा होता बराच वेळ. मला काही वाटलं नाही. त्याला पाणी दिलं, तो पिऊन गेला."

"काढलेलं परत घालता येत नाही का?"

"दात काढल्यावर परत घालतात?"

"मग मी फाडते यांचा कागद!"

तेवढं एकच वाक्य तिला लागलं. तिने माझा हात धरला. "फाडू नकोस. खालच्या बाईंचा किल्ल्यांवरचा हात मी काढला होता, तो कागद त्यांनी फाडला. त्यांना वाटलं, फाडला की कुलूप लावायची सवय तरी परत येईल. आता कुलूप हातात दिलं तर ते कशासाठी असतं हेच त्यांना कळत नाही. कागदावर आहे तोवर कुठेतरी आहे."

मग ती पाणी बदलायला आत गेली आणि भिंतीवर टाचलेल्या यांच्या कागदासमोर मी एकटी राहिले. भरदुपार होती, खोलीत लख्ख उजेड. खाली रस्त्यावर कोणीतरी गाडीला किक मारत होतं. मी यांच्या उजव्या हाताला, त्या रिकाम्या जागेजवळ जाऊन उभी राहिले. काय करणार, सवयच ती. आणि माझ्या तोंडून हळूच निघून गेलं, "अहो, ऐकलंत का?"

शाईतलं डोकं खाली आलं.

फार नाही, थोडंसं. मानेजवळची रेघ ताणली गेली आणि कानाचा थेंब माझ्या बाजूला सरकला. मी बोट लावलं. इतके दिवस झाले होते, बाकी सगळा कागद खडखडीत वाळला होता, पण तो थेंब ओला होता आणि कोमट होता. मी ओरडायला हवं होतं. त्याऐवजी मी बोलत सुटले. साठलेलं सगळं बाहेर आलं. चेंगट बाई, शिंपी, यांनी टाकलेला एकट्याचा चहा, माझी झोप, माझी भीती, सगळं. ते डोकं खाली खाली येत होतं. इतकं मन लावून माझं कोणी कधी ऐकलं नव्हतं, अगदी यांनीसुद्धा नाही. छातीवरचा दगड उतरला. मला तिथून हलूच नये असं वाटत होतं.

मागून शाई म्हणाली, "ती जागा तुझीच आहे, वहिनी."

ती पाण्याचा डबा घेऊन उभी होती. "तुलाही काढते. त्याच कागदावर, त्याच्या शेजारी. तुझी वर केलेली हनुवटी, टाचा उचललेल्या, सगळं बरोबर येईल. कागदावर तुम्ही दोघं कायमची बोलत राहाल. आणि घरी दोघांनाही काही दुखणार नाही. बघ, मला काही दुखतं का?"

खरं सांगते, मन झालं. नुसतं मान हलवायची होती. मग घरी अहो-जाहो करत, एकमेकांना वाट देत, आम्ही दोघं सुखात म्हातारे झालो असतो. शाईने कुंचला बुडवलासुद्धा. तिचे डोळे माझ्या हनुवटीवर स्थिर झाले आणि मला मानेत कुठेतरी काहीतरी सैल व्हायला लागल्यासारखं वाटलं.

मी हनुवटी हाताने झाकली. "नको!" म्हटलं. "मलाही काढलंस तर यांच्याकडे जाणारं कोण उरलं?"

"कागद तरी घेऊन जा. बोलत बस त्याच्याशी."

"तोही नको. हा घरात आला तर मी यांच्याकडे ढुंकूनही बघणार नाही. तू सांभाळ, आणि फाडलास तर याद राख." मी तोंड फिरवून निघाले. पाठीमागे कागद चुरचुरला. तो अजून ऐकत होता, हे मला मागे न बघताही कळत होतं. जिना उतरताना मी पदर तोंडात कोंबून रडले.

दुकानात पोचले तेव्हा यंत्राची घरघर चालू होती. मी काउंटरच्या आत जाणार, तेवढ्यात हे पार्टिशनमधून बाहेर आले. हात पुसले, हसले. "या, बसा ना. नंबर काढून आणलाय का?"

आजवर निदान कुणीतरी ओळखीची होते. आता तेही नव्हते. मी आरशासमोरच्या गिऱ्हाइकांच्या स्टुलावर बसले. म्हटलं, "अहो, मी. मी आहे."

"हो हो," हे म्हणाले, गिऱ्हाइकाशी बोलावं तसं. कपाटातून एक फ्रेम काढली, दोन्ही काड्या अलगद उघडल्या आणि माझ्या कानांवर चढवल्या. बोटं तीच होती, काचेची भुकटी लागलेली, खरखरीत. ती माझ्या कानाला लागली आणि मी डोळे मिटले. "मान जरा वर करा," हे म्हणाले. मी केली. "आरशात बघा. बरी दिसते का?"

आरशात एक म्हातारी बाई रडत होती आणि तिच्या मागे एक उंच, ताठ माणूस काळजीने उभा होता.

"नाही आवडली का? राहू द्या," हे गडबडून म्हणाले. "मला त्यातलं कळत नाही. माझी बायको असते इथे काउंटरवर. कुठे गेलीय कोण जाणे. ती आली की नुसतं नाक बघून सांगेल तुम्हाला कोणती शोभते."

वाकणं गेलं होतं, पण जिच्याकडे वाकायचं ती यांच्यात अजून होती. फक्त ती कुठल्या बाजूला आहे हे यांना कळत नव्हतं. मी सांभाळून विचारलं, "फार बोलते का हो ती?"

"अफाट!" हे हसले. "साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं. तिला वाटतं मला ऐकू येत नाही म्हणून मी वाकतो. माझा उजवा कान चांगला तिखट आहे. पुढे काउंटरवर ती काय बोलते, ते मला आत यंत्रावर बसून शब्द न् शब्द कळतं."

"मग वाकता कशाला?"

हे फ्रेम माझ्या नाकावरून काढून फडक्याने पुसत राहिले. मग बोलले ते इतकं हळू, की यंत्राच्या घरघरीत अर्धं विरून गेलं. "वाकलो की ती आवाज खाली आणते. बाकीचं सगळं ती जगाशी बोलते. तेवढं फक्त माझ्याशी."

मी कधी विचारलं नव्हतं. जन्मभर कान समोर आला की त्यात ओतत राहिले. हा माणूस तिथे कशासाठी येतो, हे मी एकदाही विचारलं नव्हतं.

हे अजून काहीतरी सांगत होते. ओठ हलत होते, नजर माझ्या डोक्यावरून दारावर, ती येते का बघत. यंत्र बंद करावंसं वाटलं, पण उठले असते तर यांचं बोलणं तुटलं असतं. मी स्टूल पुढे ओढलं, एका बाजूला वाकले, कान यांच्या छातीशी नेला आणि आवाज खाली आणून विचारलं, "आणखी काय म्हणते ती?"